१०० यार्डांवर एकच भोक, ६०० वर जिना: ग्रुप वरखाली का पसरतो?

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत नव्याने आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, नाण्याखाली झाकला जातो. रायफल तीच, स्कोप तोच, काडतुसं त्याच खोक्यातली. पण ६०० यार्डांवर गेलं की टार्गेटवर जिना उभा राहतो. डावं-उजवं ठीकठाक, वरखाली मात्र पार पसरलेलं. मग दर गोळीनंतर एलिव्हेशनचा, म्हणजे उंची जुळवायचा, नॉब दोन क्लिक खाली, तीन क्लिक वर असा खेळ सुरू होतो आणि दुपारपर्यंत मूळ झीरो (नेम आणि गोळी जुळणारी सेटिंग) कुठे होता तेही सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम एवढंच, की नॉबवरचा हात काढा. ही नुसती शिस्तीची गोष्ट नाही, यामागे हिशेब आहे. गोळ्या मधल्या बिंदूभोवती आपोआप वरखाली पडत असतील आणि तुम्ही प्रत्येक गोळीच्या चुकीइतकी पूर्ण दुरुस्ती पुढच्या गोळीला करत असाल, तर एकूण पसारा साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. रायफलच्या पसाऱ्यात तुम्ही स्वतःचा पसारा मिसळत असता. दहा गोळ्या एकाच सेटिंगवर, एकाच बिंदूवर नेम धरून मारा आणि प्रत्येकीची जागा क्रमांकासह वहीत लिहा. गोळी कितवी होती हे ज्या टार्गेटवरून कळत नाही, त्यावरून निदान होत नाही.

दहाच का? तीन गोळ्यांचा ग्रुप कायम खोटी आशा दाखवतो. एकाच रायफलचा तीन गोळ्यांचा उभा पसारा सरासरी दोन इंच येत असेल, तर दहा गोळ्यांचा सहज साडेतीन इंचांच्या पुढे जातो, आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं. "आज रायफलला काय झालंय" याचं उत्तर बऱ्याचदा "काही नाही, आज तुम्ही जास्त गोळ्या मारल्यात" असंच असतं.

आधी आकार वाचा

मोजमाप एमओएमध्ये (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं मिनिट; पुढे नुसतं 'मिनिट' म्हटलंय) ठेवा, म्हणजे अंतर बदललं तरी तुलना करता येते. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, ६०० वर साधारण सव्वासहा इंच आणि १००० वर साडेदहा इंच. एफ-क्लासच्या (टेकू आणि स्कोप वापरून होणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या) १००० यार्डांच्या टार्गेटवर सर्वांत आतलं वर्तुळ ५ इंचांचं आणि त्याबाहेरचं १० इंचांचं असतं. म्हणजे एका मिनिटाच्या आत राहायचं, तेही वाऱ्यासकट.

आता वहीतलं पान बघा. सगळा ग्रुप घट्ट आहे पण अख्खा वर किंवा खाली सरकलाय, तर तो पसारा नव्हे. मागच्या वेळी थंड सकाळ होती, आज कडक दुपार आहे. हवा विरळ झाली की गोळी कमी खाली येते, म्हणजे वर लागते. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसाला १० अंश सेल्सिअसच्या फरकाने १००० यार्डांवर अर्धा ते एक मिनिट सहज फरक पडतो. अशा वेळी नॉब खुशाल फिरवा, तो त्यासाठीच आहे. तापमान आणि हवेचा दाब वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज लागेल.

ग्रुप तिरका आहे का? उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात अशा) नळीतून मारताना डावीकडे गेलेल्या गोळ्या थोड्या वर आणि उजवीकडे गेलेल्या थोड्या खाली, म्हणजे घड्याळातल्या दहापासून चारपर्यंत कलती रांग दिसली, तर तो वारा आहे. उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे ढकलतोच, शिवाय किंचित वर उचलतो. डावीकडून आला तर उलटं. ही रांग बघून रायफल उघडायला बसू नका.

दोन वेगवेगळे घट्ट ग्रुप, एक वर आणि एक खाली, असं दिसलं तर काहीतरी दोन जागांमध्ये उडी मारतंय: सैल स्क्रू, स्टॉकला (रायफलच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दांड्याला) मधूनच टेकणारी नळी, किंवा स्कोपच्या आतलं काहीतरी. सरळ उभी, सलग भरलेली रांग असेल तर पुढे वाचा, कारण ती सर्वांत जास्त दिसते आणि तिच्याबद्दलच सर्वांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

१०० यार्डांवर का दिसत नाही

काडतुसांच्या वेगात फरक असतो. खोक्यावर छापलेला आकडा सरासरी असतो, तुमच्या चेंबरमधल्या (नळीच्या मागच्या खोबणीतल्या) काडतुसाचा नव्हे. साधारण २,६०० फूट प्रति सेकंद वेगाने निघणारी १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) .३०८ची गोळी घ्या. एका खोक्यातल्या सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान गोळीत ४० फुटांचा फरक आहे असं धरा. साध्या काडतुसांत एवढा फरक अजिबात नवलाचा नाही. या ४० फुटांनी १०० यार्डांवर उंचीत इंचाचा दहावा भागसुद्धा फरक पडत नाही. भोकात भोक दिसतं. ३०० वर पाऊण इंच. ६०० वर साडेतीन इंच, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून जास्त. आणि १००० यार्डांवर जवळपास १४ इंच. एफ-क्लासचं १० इंचांचं वर्तुळ त्यातच संपलं, तुमचा नेम कितीही पक्का असो.

तेव्हा १०० यार्डांवरचा घट्ट ग्रुप नळी, स्कोप आणि तुमचा ट्रिगर यांच्याबद्दल बरंच सांगतो, काडतुसाच्या वेगाबद्दल अवाक्षर काढत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगली रायफल विकून दुसरी घेतात, आणि तीच काडतुसं तिच्यातून मारतात.

उपाय क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र. क्लबात कुणाकडे तरी असतोच. मागून घ्या, एकदाच लागतो. दहा काडतुसांचे वेग लिहा. तीन-चार वेगांवर निकाल देऊ नका, वर सांगितलेलं गणित इथेही लागू आहे. नुसता सर्वांत जास्त वजा सर्वांत कमी एवढाच आकडा न पाहता त्याचं टार्गेटशी लग्न लावा: ज्या गोळ्या वर गेल्या त्यांचा वेग खरंच जास्त होता का? असेल तर कारण सापडलं. मॅच दर्जाचा वेगळा लॉट (एकाच वेळी बनलेली काडतुसं) वापरून बघा. स्वतः काडतूस भरत असाल तर पावडरचं वजन, केसच्या (काडतुसाच्या कवचाच्या) मानेची पकड आणि केसचा एकसारखेपणा या तीन जागा आधी तपासा. वर गेलेल्या गोळ्या संथ निघाल्या किंवा काही मेळच नसेल, तर काडतुसं निर्दोष. मग दोष रायफलच्या बैठकीत किंवा रायफलमागे झोपलेल्या माणसात.

पाना

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते सगळ्यात आधी करायचं असतं, तरी सगळ्यात शेवटी केलं जातं. चेंबर रिकामं, बोल्ट बाहेर. स्कोपच्या रिंगांचे स्क्रू, बेसचे स्क्रू आणि ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू टॉर्क पान्याने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर घट्ट करा. हाताच्या अंदाजाने नको. सैल जितकं वाईट, तितकंच रिंग आवळून स्कोपची नळी चेपणंही वाईट. मग नळी आणि स्टॉकच्या मध्ये कागदाची पट्टी घालून ॲक्शनपर्यंत सरकवा. फ्री-फ्लोट, म्हणजे स्टॉकला न टेकणाऱ्या, नळीखाली ती कुठेही अडकता कामा नये. रायफल बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) ठेवून, पुढे रेलून परत सरकवा. लवचीक प्लॅस्टिकचे स्टॉक दाब आला की नळीला टेकतात आणि मोकळे ठेवले की निरागस दिसतात.

डोळा कुठे आहे

स्कोप लावलेल्या नवशिक्यांत माझा पहिला संशय पॅरॅलॅक्सवर असतो. टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) एकाच प्रतलात नसतील तर डोळा वरखाली झाला की रेटिकलही टार्गेटवर वरखाली सरकल्यासारखं दिसतं. तुम्ही ते परत मधोमध आणता आणि गोळी दुसरीकडे जाते. १०० यार्डांवर बसवलेला पॅरॅलॅक्स ६०० वर तसाच राहिला असेल, तर गालाची जागा बदलेल तसा नेम बदलतो. डोकं डावी-उजवीकडे फारसं हलत नाही, कारण गाल स्टॉकला टेकलेला असतो. हलतं ते वरखाली. म्हणून हा दोषही उभाच दिसतो.

आधी आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच. स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे धरा (सूर्याकडे चुकूनही नाही), डोळे मिटा, उघडा. पहिल्या क्षणीच रेटिकल काळंभोर आणि तीक्ष्ण दिसलं पाहिजे. टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. हे एकदाच करायचं. मग रायफल पिशव्यांवर टार्गेटकडे रोखून ठेवा, तिला हात न लावता आयपीसमागे डोकं मान डोलावल्यासारखं सावकाश वरखाली करा. रेटिकल टार्गेटवर चालतं का? पॅरॅलॅक्सचा नॉब थोडा फिरवा, परत मान डोलवा. रेटिकल थांबलं की झालं. नॉबवर छापलेल्या अंतरावर विश्वास ठेवू नका. तो आकडा जवळपासचा असतो आणि उन्हाबरोबर योग्य जागा थोडी सरकते.

त्यानंतर गाल. डोळे मिटून रायफलवर डोकं टेकवा, मान सैल सोडा, डोळे उघडा. स्कोपचं पूर्ण गोल चित्र दिसलं तर उंची बरोबर. खालून किंवा वरून काळी कड दिसली तर गालाची पट्टी वर-खाली करायला हवी. मान ताणून चित्र पूर्ण करणं सात-आठ गोळ्यांपर्यंत जमतं, पुढे मान दमते आणि ग्रुप खाली किंवा वर वाहू लागतो.

ॲपर्चर साइट (स्कोपऐवजी मागे बारीक भोक आणि पुढे रिंग) वापरणाऱ्यांना पॅरॅलॅक्सचा नॉब नसतो, पण दोष तोच: मागच्या भोकात पुढची रिंग मधोमध नाही. पुढची रिंग फार बारीक घेऊ नका. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे. कड इतकी पातळ झाली की डोळा शोधत बसतो, तर रिंग एक माप मोठी लावा.

झोपण्याची पद्धत

प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारताना, रायफल टार्गेटकडे स्नायूंनी नेलेली नसावी, ती आपोआप तिकडे बघत असावी. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रेटिकल वर किंवा खाली गेलं असेल तर हातांनी ओढून आणू नका. शरीर किंचित पुढे किंवा मागे सरकवा, उंची बदलते. आडव्या फरकासाठी डाव्या कोपराभोवती कंबर फिरवा. डावखुऱ्यांनी उलट धरायचं.

श्वासाचा परिणाम थेट उभा असतो. छाती भरली की खांदा वर जातो, नळी खाली. सोडला की उलटं. श्वास सोडल्यावर जी नैसर्गिक विश्रांती येते तिच्यात, दर वेळी त्याच जागी ट्रिगर सुटला पाहिजे. श्वास कुठे रोखता यापेक्षा तो दर वेळी तिथेच रोखता का, हे महत्त्वाचं. आठ-दहा सेकंद झाले आणि गोळी सुटली नाही, तर सोडून द्या आणि परत श्वास घ्या. "आता मारूनच टाकू" म्हणून मारलेली गोळी जिन्याची सर्वांत वरची किंवा सर्वांत खालची पायरी असते.

स्लिंगवाल्यांचं वेगळं. पट्टा दंडाच्या आतल्या बाजूला, धमनीवर बसला की नाडीचा ठोका पुढच्या साइटवर दिसतो. पट्टा दंडावर थोडा वर आणि बाहेरच्या बाजूला सरकवा, जाड शूटिंग जॅकेट वापरा.

बायपॉड वापरत असाल तर त्याच्या पायांखाली काय आहे ते पाहा. कठीण काँक्रीटवर तो उसळतो. खाली दाट चटई टाकली की बऱ्याचदा तिथेच अर्धं काम होतं. खांद्याने पुढे दिलेला दाब दर गोळीला सारखा हवा. खूप की कमी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. दोन्ही पद्धतींनी चांगले ग्रुप येतात, मिसळल्या तर येत नाहीत. मागची पिशवी पिळून उंची जुळवणाऱ्यांनी ट्रिगर दाबताना डाव्या हाताची मूठ बघायला शेजाऱ्याला सांगावं. ट्रिगरच्या बोटाबरोबर दुसरी मूठही आवळली जाते, पिशवी फुगते, बट (रायफलचा खांद्याकडचा भाग) वर उचलला जातो, गोळी खाली. मारणाऱ्याला हे कधीच जाणवत नाही.

हे तपासायला एक सवय लावून घ्या. गोळी सुटली की टार्गेटची खूण दिसण्याआधी ती कुठे गेली असेल ते तोंडाने सांगा आणि लिहा. "मध्ये" म्हणालात आणि गोळी सहा इंच वर आली, तर कारण बहुतेक काडतूस किंवा यंत्रणा. "वर गेली" म्हणालात आणि खरंच वर गेली, तर तुम्हीच. जो सांगूच शकत नाही, त्याने सुटण्याच्या क्षणी डोळा मिटला होता.

गरम चेंबर, गरम नळी

१००० यार्डांवरचं एक पान समजा. १, २, ३ मधल्या रेषेवर. ४ आठ इंच वर. ५, ६ मध्ये. ७ परत सात इंच वर. ८, ९ मध्ये. १० वर. नुसती भोकं बघून हा जिनाच वाटेल. पण शेजारी वेळ लिहिलेली असेल तर दिसतं की ४, ७ आणि १० च्या आधी वारा बसायची वाट बघत मिनिटभर थांबलात, बोल्ट बंद करून. काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये भाजत होतं, पावडर गरम झाली, वेग वाढला. वाट बघायची असेल तर बोल्ट उघडा ठेवा, काडतूस आत ढकलू नका. नेम धरायची वेळ आली की भरा. काडतुसांचं खोकं उन्हात ठेवणं हाही त्याच जातीचा प्रकार. सावलीचा रुमाल त्यावर टाका.

लांब मालिकेत नळी तापली की तिच्यावरून उठणारी गरम हवा स्कोपसमोर नाचते आणि टार्गेटची प्रतिमा वर उचललेली दिसते. तुम्ही त्या प्रतिमेवर नेम धरता आणि गोळ्या हळूहळू वर चढतात. स्कोपच्या पुढे नळीवर कापडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी ताणून लावणं एवढाच उपाय आहे. जमिनीवरची मिराज (तापलेल्या हवेची लहर) मात्र पट्टीने जात नाही. ती वाहत असेल तर वाऱ्याची दिशा सांगते. सरळ वर उकळत असेल तर शक्य असल्यास थांबा.

साफ केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या वेगळ्या जागी जाऊ शकतात. त्या मोजू नका, पण वहीत लिहा.

नॉब खरं बोलतो का

ग्रुप घट्ट आहे, पण १०० वरून ६०० वर जाताना तक्त्याप्रमाणे क्लिक देऊनही गोळी भलतीकडे लागते, असं असेल तर स्कोप तपासा. १०० यार्डांवर उंच कागद लावा, ओळंब्याने सरळ उभी रेषा मारा. तळाच्या बिंदूवर नेम धरून गोळ्या मारा, मग ३० मिनिटं वर डायल करा आणि नेम त्याच तळाच्या बिंदूवर ठेवून परत मारा. दोन ग्रुपांत ३१.४ इंच अंतर आलं पाहिजे. स्कोप मिलमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) असेल तर सोपं: १०० मीटरवर १० मिल म्हणजे बरोबर १ मीटर. अंतर १०० आहे ना, हे टेपने मोजा. रेंजवरची पाटी यार्डांत आहे की मीटरमध्ये यावरून निष्पाप स्कोपांना शिक्षा झालेली आहे. खालचा ग्रुप रेषेवर आणि वरचा बाजूला, असं आलं तर रेटिकल तिरकं बसलंय किंवा रायफल कलते.

कल वरखाली फारसा दिसत नाही, आडवा दिसतो. ३८ मिनिटं वर डायल केलेली रायफल एक अंश कलली तर १००० यार्डांवर गोळी सुमारे ७ इंच बाजूला जाते. नवशिके ते वाऱ्याच्या नावावर खपवतात. स्कोपवर एक छोटी पाणसळ लावा आणि नेम धरण्याआधी तिच्याकडे बघा.

एवढं करूनही

९०० यार्डांपर्यंत सगळं ठीक आणि १००० वर अचानक गोळ्या वाटेल तिकडे, कागदावर आडव्या गोळीची लांबट भोकं, असं असेल तर तुमची गोळी ध्वनीच्या वेगाजवळ येऊन डगमगतेय. .३०८ मधली जुनी १६८ ग्रेनची, शेपटीला १३ अंशांचा उतार असलेली मॅच गोळी यासाठी बदनाम आहे. ३०० आणि ६०० वर सुरेख, १००० वर बेभरवशाची. याला कसलाही सराव उपयोगी नाही. जास्त वेग टिकवणारी गोळी घ्या किंवा त्या अंतराला जाऊ नका. पाल्मा सामने (लांब पल्ल्याची रायफल स्पर्धा) ८००, ९०० आणि १००० यार्डांवर होतात. त्यातले जुने नेमबाज १५५ ग्रेनची गोळी एवढ्या वेगाने का सोडतात, याचं कारण हेच.

आणि ६०० यार्डांची रेंज महिन्यातून एखाद्या वेळीच मिळत असेल, तर मधल्या दिवसांत .२२ घेऊन २०० यार्डांवर जा. ध्वनीहून संथ, १,०७० फूट वेगाच्या काडतुसात ३० फुटांचा फरक असला तर तिथे तीन-साडेतीन इंचांचा जिना दिसतो. लॉट बदलला की जिना बदलतो, गाल हलला की बदलतो, मूठ आवळली की बदलतो. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं तिथे तपासता येतं, आणि एका दुपारी शंभर गोळ्या मारूनही खांदा दुखत नाही.